मेंदूतली रसायनं ‘वाढवता’ येतात का?

माहीमकर
कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. हल्ली मुलं हमखास विचारतात, "सर, डोपामिन वाढवायला काय खायचं?" दुसरीकडे दादरला एका सभागृहाबाहेर ‘डोपामिन डिटॉक्स’ शिबिराचा फलक पाहिला, म्हणजे तिथे ते कमी करून मिळणार. डोपामिन म्हणजे एका मज्जापेशीकडून दुसरीकडे संदेश नेणारं रसायन. माझं ठाम मत आहे की हा वाढवण्या-घटवण्याचा विचारच मुलांच्या डोक्यातून काढला पाहिजे. मेंदूत रसायन किती आहे यापेक्षा ते कुठल्या पेशीने, कुठे आणि नेमकं कधी सोडलं याला महत्त्व आहे.

मज्जापेशीच्या टोकाशी हे रसायन पुटिकांमध्ये भरून ठेवलेलं असतं. पुटिका म्हणजे सुमारे ४० नॅनोमीटर व्यासाच्या पिशव्या, एकेकीत काही हजार रेणू. विद्युतसंदेश टोकाला पोचला की कॅल्शियमची दारं उघडतात. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा जवळपास १०,००० पट असतं, त्यामुळे ते आत घुसतं. सिनॅप्टोटॅग्मिन हे प्रथिन त्याला ओळखतं, पुटिकेला पेशीच्या पटलाजवळ खेचणारी स्नेअर प्रथिनं एकमेकांत पिळली जातात, पुटिका पटलाशी एकजीव होते आणि रसायन पुढच्या पेशीपर्यंतच्या जेमतेम २० नॅनोमीटरच्या फटीत सांडतं. कॅल्शियम आत आल्यापासून हे सगळं एका मिलिसेकंदाच्या आत. शिवाय मेंदूतल्या कित्येक सायनॅप्समध्ये, म्हणजे पेशी-पेशींमधल्या अशा जोडांमध्ये, संदेश येऊनही निम्म्याहून अधिक वेळा काहीच सुटत नाही! गच्चीवरची टाकी भरलेली असणं आणि नळाला पाणी येणं यातला फरक मुंबईकराला वेगळा समजवायला नको.

गोरेगावकर
सर, मी अशाच एका शिबिराला गेलो होतो आणि मला फायदा झाला. रात्री मोबाइल बाजूला ठेवायला लागलो, झोप सुधारली. सामान्य माणसाला पुटिका आणि प्रथिनं कशाला हवीत? ‘डोपामिन’ या एका नावामुळे माणूस सवय बदलत असेल तर बदलू द्या. विज्ञान सोपं करून सांगितलं की शिक्षकांनाच त्रास का होतो, हे कळत नाही.

शीवची मधुरा
माहीमकर सर, मेंदूविकारांच्या ओपीडीत बसते, म्हणून तुमच्याशी असहमत आहे. तुमचीच टाकी घेते. टाकीच रिकामी झाली तर? पार्किन्सनमध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात, डोपामिन कमी पडतं, आम्ही मेंदूत गेल्यावर ज्याचं डोपामिन होतं ते लेव्होडोपा हे औषध देतो आणि हात-पाय जखडलेला माणूस चालायला लागतो. ‘रसायन कमी पडलं, ते भरून काढलं’ या साध्या कल्पनेने इतकी माणसं उभी राहिली आहेत. ती डोक्यातून काढा असं वर्गात शिकवलंत, तर उद्या हीच मुलं घरी आजोबांना म्हणतील की गोळीला काही अर्थ नाही. मला ती भीती वाटते.

माहीमकर
मधुराताई, लेव्होडोपाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, म्हणून तर लेव्होडोपा द्यावं लागतं. केळ्यातही डोपामिन असतं, पण ते मेंदूपर्यंत पोचत नाही. आणि लेव्होडोपाचं काम चांगलं चालतं ते शिल्लक पेशी त्याचं डोपामिन करून पुटिकांत भरतात, वेळेवर सोडतात तोवर. आजार वाढतो, पेशी कमी होतात, मग तीच गोळी कमी वेळ पुरते, कधी अंग अनावर हलायला लागतं. औषध तेच असतं, ते साठवून मोजून सोडणारी पेशी उरलेली नसते.

आपल्या कुलाब्यातच याचं काम झालंय. टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे) ओबेद सिद्दीकी यांनी अमेरिकी शास्त्रज्ञ सीमोर बेंझर यांच्याबरोबर १९७६ मध्ये उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांवर शोधनिबंध लिहिला. अशाच माश्यांच्या ‘शिबिरे’ (shibire; हा जपानी शब्द, आपल्या शिबिराशी संबंध नाही) नावाच्या प्रकारावर पुढे के. एस. कृष्णन यांनी तिथेच काम केलं. तापमान वाढलं की या माश्यांमध्ये वापरलेल्या पुटिका पटलातून परत आत ओढल्या जात नाहीत. साठा संपतो, माशी आडवी होते. गार केलं की उठून चालू लागते. किती सुंदर पुरावा आहे हा! मुलांना हे सांगितलं की डोळे मोठे होतात.

मुरुडचा नातू
मधे बोलतो, कारण आमच्याकडे हा जिवाचा प्रश्न आहे. नाग आणि मण्यार, दोघांच्या दंशाने पापण्या मिटतात, श्वास अडकतो. बाहेरून सारखंच दिसतं. पण नागाचं विष मुख्यतः फटीपलीकडे, स्नायूवर रसायन पकडणाऱ्या ग्राहक-प्रथिनांना अडवून बसतं. तिथे रसायन जास्त वेळ टिकवणारं निओस्टिग्मिन हे औषध बऱ्याचदा उपयोगी पडतं. मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकाचीच नासधूस करतं. सोडणारंच उरलं नाही, मग टिकवणार काय? टोकं पुन्हा तयार होईपर्यंत व्हेंटिलेटर लागतो, आणि प्रतिविष लवकर मिळालं तरच त्याचा खरा उपयोग. विंचवाचं याच्या बरोबर उलट: लाल विंचवाच्या विषाने मज्जातंतूंतून रसायनांचा पूर लोटतो आणि हृदयावर भार येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून त्या पुराचा परिणाम अडवला आणि कितीतरी जीव वाचवले. ‘रसायन कमी-जास्त’ एवढंच पाहणाऱ्याला नाग आणि मण्यार यांतला फरक दिसणारच नाही. मी माहीमकर सरांच्या बाजूने.

शीवची मधुरा
विषाचं पटलं, ते डॉक्टरांना यायलाच हवं. पण माझा मुद्दा रुग्णाशी बोलण्याचा आहे. बाहेर शंभर माणसं ताटकळलेली असताना मी स्नेअर समजावू शकत नाही, ‘डोपामिन कमी झालंय’ असंच सांगणार. आणि ते खोटं नाही.

माहीमकर
पार्किन्सनमध्ये सांगा ना, तिथे ते खरंच आहे. पण तेच वाक्य उदास माणसाला ‘सेरोटोनिन कमी झालंय’ असं सांगितलं जातं, त्याचं काय? सेरोटोनिन हेही असंच संदेश नेणारं रसायन. सेरोटोनिन परत शोषून घेणं थांबवणाऱ्या गोळ्या ते काम काही तासांत करतात, तरी माणसाला बरं वाटायला काही आठवडे जातात. नुसत्या साठ्याचा प्रश्न असता तर संध्याकाळीच फरक दिसला असता. रुग्णाला हे आधी सांगितलं नाही तर तो चौथ्या दिवशी गोळी बंद करतो. इथे अर्धवट सोपं करणं महागात पडतं.

गोरेगावकर, तुमची झोप सुधारली याचा आनंद आहे, सवय सोडू नका. पण त्यात डोपामिन ‘धुऊन’ निघालं नाही. डोपामिनच्या पेशी अनपेक्षित लाभ झाला की जोरात संदेश सोडतात आणि अपेक्षित लाभ आला नाही की क्षणभर गप्प होतात. तुम्ही मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवलात, म्हणजे अशा लाभाची चाहूल लागायची संधीच काढून घेतलीत. शिबिरात एवढंच सांगितलं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

गोरेगावकर
एवढं सांगितलं असतं तर शिबिराला कोण आलं असतं सर? मी तरी गेलो नसतो.