तुरुंगातून सुटल्यावर पहिले तीन महिने : घरच्यांनी नेमकं काय करायचं?

उंबरठा :
घरातला माणूस आठ वर्षांची शिक्षा भोगून दोन महिन्यांनी सुटतोय. वय ४१. आत सुतारकाम शिकलाय, प्रमाणपत्र आहे. सुटल्यावर काही काळ देखरेख अधिकाऱ्याकडे हजेरी लावायची आहे. घरात १० वर्षांची मुलगी आहे. 'समजून घ्या, धीर धरा' हे सगळेच सांगतात. मला आधी काय, नंतर काय आणि गाडी कुठे अडते ते हवंय. शिवाय माणूस आतून बदललाय हे ओळखायचं कशावरून?

कागदपत्री :
कागदांपासून सुरुवात करा, आणि तो आत असतानाच. बाहेर आल्यावर हेच कागद मागायचे तर आठवडे जातात. सुटकेचा दाखला, निकालाची प्रत, ओळखपत्र, आतल्या दवाखान्यातल्या नोंदी, चालू औषधांची मात्रेसह यादी, प्रमाणपत्रं, जमा मजुरीचा हिशेब. सगळ्याच्या तीन झेरॉक्स काढा, त्यातला एक संच घराबाहेर कुणा विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या मंडेला नियमांत (नियम १०८) सुटणाऱ्याला ओळखीचे कागद, राहायला जागा, हवामानाला साजेसे कपडे आणि मुक्कामी पोचण्यापुरते पैसे मिळावेत असं म्हटलंय. मागणी अर्ज लिहिताना त्याचा उल्लेख जरूर करा.

औषधांचं विसरू नका. फिट्स, मधुमेह किंवा मानसिक आजाराची गोळी चालू असेल तर दोन आठवड्यांचा साठा हातात आणि बाहेरच्या डॉक्टरची वेळ आधीच ठरलेली हवी. फिट्सची गोळी एकदम तुटली की फिट्स परत येऊ शकतात.

हजेरीच्या अटी दोघांनी मिळून मोठ्याने वाचा. 'लेखी परवानगीशिवाय' हे शब्द जिथे जिथे असतील तिथे खूण करा. नवा गुन्हा न करताही लोक परत आत जातात, ते इथे. तारीख चुकते, पत्ता बदलल्याचं कळवायचं राहतं, नातेवाइकाच्या लग्नाला हद्दीबाहेर जाणं होतं. जाता येणार नसेल तर आधी फोन करा, लगेच लेखी कळवा, आणि कुणाशी किती वाजता बोलणं झालं ते वहीत टिपा.

रातकिडा :
पहिले १४ दिवस वेगळे मोजा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या ३० हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका सर्वसामान्यांच्या जवळजवळ तेरापट निघाला, आणि सर्वांत मोठं कारण होतं नशेचा अतिरेक. आत असताना शरीराची सवय मोडते, मनाला मात्र जुनंच माप आठवतं. पूर्वी पचायचं तेवढंच आता जीव घेतं. नशेचा इतिहास असेल तर हे त्याला सरळ शब्दांत सांगा. ओपिऑइडचा (हेरॉइन, अफू अशा नशेचा) प्रश्न असेल तर नालोक्सोन, म्हणजे या नशेच्या अतिरेकावरचा उतारा, घरात ठेवा आणि वापरायला शिका.

झोपेचंही बघा. बराकीत रात्रभर दिवा आणि आवाज असतो, त्यामुळे अंधाऱ्या शांत खोलीत झोप लागत नाही. मंद दिवा ठेवा, पंख्याचा आवाज असू द्या. झोपलेल्याला हात लावून उठवू नका. दारातून हाक मारा.

खिडकी :
सवयींबद्दल. आत वर्षानुवर्षं दार दुसऱ्याने उघडलेलं असतं, म्हणून माणूस बंद नसलेल्या दारापाशीही थांबतो. भराभर जेवतो, भिंतीला पाठ लावून बसतो, कुणी जवळून गेलं की दचकतो. डोनाल्ड क्लेमर या समाजशास्त्रज्ञाने १९४० मध्येच या घडणीला 'प्रिझनायझेशन' (तुरुंगाची सवय अंगी मुरणं) असं नाव दिलं होतं. हे स्वभावाचे दोष नव्हेत. आत याच गोष्टी कामाच्या होत्या.

त्यात घरचे दोन टोकाच्या चुका करतात. एक तर सगळं त्याच्या वतीने ठरवतात, म्हणजे पुन्हा तुरुंगच. नाहीतर पहिल्याच दिवशी 'आता तूच ठरव' म्हणून मोबाइल, बँक, नोकरी सगळं अंगावर टाकतात. सुरुवातीला रोज दोनतीन छोटे निर्णय पुरे, आणि पर्याय दोनच : हा शर्ट की तो, आज जायचं की उद्या. गर्दीत आधी अर्धा तास, तोही शांत वेळी. मोबाइलवर दिवसाला एकच गोष्ट. ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे पहिल्याच दिवशी.

उंबरठा :
कामाचं आणि मुलीचं?

कागदपत्री :
नकार मोजायची तयारी ठेवा. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात सारखीच पात्रता दाखवणारे तरुण अर्ज घेऊन पाठवले होते (२००३). गुन्ह्याची नोंद नसलेल्या गोऱ्यांपैकी ३४ टक्क्यांना परत बोलावणं आलं, नोंद दाखवलेल्यांपैकी १७. काळ्या अर्जदारांत हेच आकडे १४ आणि ५. तेव्हा पहिले दहा नकार म्हणजे निकाल नव्हे.

फॉर्मवर विचारलं असेल तर खोटं लिहू नये. तोंडी सांगायचं ते तीन वाक्यांत : काय झालं, शिक्षा कधी संपली, त्यानंतर काय शिकलो. चौथं वाक्य थेट कामाकडे वळवा, 'खाच-कूस जोड, रंधा, पॉलिश येतं, नमुना दाखवतो'. मिनिटाच्या वर गेलं की सारवासारव वाटू लागते. घरी मोठ्याने सराव करून घ्या. प्रमाणपत्रावर तुरुंगाचं नाव असेल तर प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचं वेगळं मिळतं का ते विचारा.

खिडकी :
मुलीची दिनचर्या त्याच्याविना बसलेली आहे. पहिले काही महिने शिस्त लावणं, अभ्यासावरून बोलणं त्याच्याकडे नको. शाळेत सोडणं, सायकलची हवा भरणं, असलं ठरावीक वेळेचं एकच काम द्या आणि ते चुकू देऊ नका. तिने विचारलं तर थोडक्यात खरं सांगा. 'परगावी होते' पुढे उघडं पडतंच.

रातकिडा :
बदलाची खूण भाषेत दिसते. 'माझ्या हातून घडलं' आणि 'मी केलं' यांत फरक आहे; बदललेला माणूस 'मी केलं' म्हणतो.

खिडकी :
इथे मात्र माझं मत वेगळं. गुन्हेशास्त्रज्ञ शॅड मारुना यांनी इंग्लंडमधल्या लिव्हरपूलमध्ये गुन्हेगारी सोडलेल्यांच्या मुलाखती घेतल्या, तर त्यातले बरेच जण 'तो खरा मी नव्हतोच' असंच सांगत होते. पुढचं काही आपल्या हातात आहे असं मात्र त्यांना वाटत होतं. म्हणून शब्दांपेक्षा बस चुकल्यावर, मजुरी उशिरा मिळाल्यावर तो काय करतो ते पाहा. आणि पश्चात्तापाच्या भरात पीडित कुटुंबाला परस्पर फोन किंवा पत्र नको. बहुतेकदा अटीतच मनाई असते. जायचंच तर मध्यस्थामार्फत, त्यांनी होकार दिल्यावर.