कॅमेऱ्यावर बोट ठेवून मोजलेला रक्तदाब

आत्या : सर्वांना नमस्कार. गेल्या महिन्यात मी मोबाईलवर एक अ‍ॅप घेतले. कॅमेऱ्यावर बोट ठेवले की ते अर्ध्या मिनिटात रक्तदाब सांगते आणि वरचा आकडा रोज १२० ते १२५ च्या आसपास येतो. त्यामुळे रक्तदाबाची गोळी मी आठवडाभर एक दिवसाआड घेत आहे. हृदयविकार टाळण्यासाठी आणखी कोणती अ‍ॅप उपयोगी पडतात, हे कोणी सांगेल का?

काका : ताई, गोळीच्या बाबतीत असा परस्पर निर्णय घेऊ नकोस. सूनबाई, तू रोज हृदयरुग्णांमध्ये वावरतेस, तेव्हा तूच सविस्तर लिही.

वहिनी : आत्या, सर्वात आधी एक कळकळीची विनंती करते. गोळी आजपासून पूर्वीसारखी रोज घ्या आणि मधल्या दिवसांत ती चुकली होती, हे तुमच्या डॉक्टरांना फोन करून कळवा. बोटावर फ्लॅशचा उजेड पडला की प्रत्येक ठोक्यागणिक बोटातील रक्ताचे प्रमाण कमीजास्त होताना कॅमेऱ्याला दिसते, आणि त्यावरून नाडीचे ठोके बऱ्यापैकी अचूक मोजता येतात. रक्तदाब मात्र दंडाला पट्टा बांधूनच खात्रीने मोजला जातो. कॅमेऱ्यावर बोट ठेवून रक्तदाब सांगणारे असेच एक लोकप्रिय अ‍ॅप अमेरिकेतील संशोधकांनी तपासले होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांचा रक्तदाब प्रत्यक्षात वाढलेला होता अशा दर पाच जणांपैकी जवळपास चौघांना अ‍ॅपने तो वाढलेला नसल्याचे दाखवले. मला भीती वाटते ती याच खोट्या दिलाशाची, कारण वाढलेला रक्तदाब बहुधा काहीही जाणवू न देता हृदयावर आणि मेंदूवर परिणाम करत राहतो.

धाकटा भाऊ : वहिनी, मग अशी सगळीच अ‍ॅप काढून टाकावीत का? माझे घड्याळ तर ईसीजीही काढते.

वहिनी : मुळीच नाही. सिडनीत हृदयाच्या धमन्यांचा विकार असलेल्या ७१० रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्या रुग्णांना सहा महिने आठवड्याला चार साधे संदेश पाठवले जात होते: आहाराविषयी, चालण्याविषयी, धूम्रपान सोडण्याविषयी. सहा महिन्यांनी त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी १२८ होता, तर संदेश न मिळालेल्यांचा १३६. धूम्रपान करणारे पहिल्या गटात २६ टक्के उरले होते आणि दुसऱ्या गटात ४३ टक्के. ते आधीच आजारी असलेले लोक होते, हे खरे. तरीही वेळेवर आलेली साधी आठवण माणसाची सवय बदलू शकते, एवढे त्यातून नक्की दिसते. म्हणून गोळीची वेळ सांगणारे आणि रक्तदाब, वजन यांची नोंद ठेवणारे अ‍ॅप मी रुग्णांना स्वतःहून सुचवते.

घड्याळ अनियमित ठोक्यांची सूचना देते, आणि त्यामागे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे विस्कळीत स्पंदन, असेल तर पक्षाघाताचा धोका असल्यामुळे ती सूचना डॉक्टरांना दाखवावी. पण घड्याळाचा ईसीजी हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही. छातीत दाब आला, दम लागला, घाम फुटला, तर घड्याळ काहीही दाखवो, तातडीने रुग्णालय गाठायचे.

काका : अ‍ॅप मला रोज दहा हजार पावले चालायला सांगते आणि ती पुरी झाली नाहीत की मन खट्टू होते.

वहिनी : काका, तो आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते, आणि तुमचे रोजचे अर्धा तास भरभर चालणे त्यात सहज बसते.

आत्या : मग घरी रक्तदाब नेमका कसा मोजायचा?

वहिनी : पट्ट्याचे यंत्र प्रमाणित असावे आणि पट्टा दंडाच्या मापाचा असावा. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको. पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसा, हात हृदयाच्या उंचीवर ठेवा आणि मोजताना बोलू नका. सकाळी आणि संध्याकाळी एकेका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून चारही आकडे आठवडाभर अ‍ॅपमध्ये लिहा. घरी मोजलेला रक्तदाब सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक भरला, तर तो वाढलेला मानतात.

धाकटा भाऊ : आत्या, नोंदीचे अ‍ॅप मी लावून देतो. ते संपर्क आणि ठिकाण यांची परवानगी मागेल. ती देण्याची काहीच गरज नाही.

काका : ताई, माझे यंत्र मी आज संध्याकाळी घेऊन येतो.

आत्या (दुसऱ्या दिवशी) : आज सकाळी पट्ट्याच्या यंत्रावर पहिल्यांदा १४८/९० आणि मग १४४/८८ असे आकडे आले. लगेच कॅमेऱ्यावर बोट ठेवले, तर त्या अ‍ॅपने १२२ दाखवले. ते काढून टाकले आहे. गोळी घेतली. डॉक्टरांना कालच फोन केला होता. आठवड्याच्या नोंदी घेऊन त्यांनी बोलावले आहे.