मळायचा खोडरबर उन्हात वितळतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. यवतमाळकडच्या एका खेड्यात राहतो, पोरांना इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेसाठी शिकवतो. कोळशाच्या कांडीनं चित्र काढताना मळायचा राखाडी खोडरबर लागतो. तो कणकेसारखा चिमटीत ओढायचा, टोक काढायचं अन् चित्रातल्या डोळ्यातला कोळसा अलगद टिपून चमक काढायची. चुरा पडत नाही, कारण तो घासून झिजत नाही, कोळसाच पोटात घेतो.

पण आमच्याकडचं ऊन! पारा ४५ वर गेला की डबीतला गोळा लिबलिबीत होतो. काल एका पोरीनं काढलेल्या आजोबांच्या मिशीला असा चिकटला, की कागदाचा पापुद्राच निघाला. पोरगी रडकुंडीला आली राजेहो.

साधा रबर गंधक घालून तापवला की कडक होतो. ही गुडइयर या अमेरिकन संशोधकाची १८३९ ची युक्ती. मळायच्या खोडरबरातलं रबर मुद्दाम मऊ ठेवतात, त्यात खडूसारखी पूड मिसळतात. म्हणून उष्णता त्याला आधी धरते, हे कळलं. १७७० च्या आसपास रबर येण्याआधी युरोपात पावाचा मऊ गर वापरत. तेही करून पाहिलं, बरं जमलं. कणकेनं मात्र घात केला: तेल लावून मळलेली होती, कागदावर पिवळं कडं उमटलं.

तर सांगा: माठाजवळ ओल्या फडक्यात डबी ठेवली तर चालेल का? उन्हाळ्यात टिकणारा एखादा प्रकार नागपुरात सुटा मिळतो का? अन् चिकटलेला रबर कागद न फाडता कसा काढायचा?