पुण्यात नदीकाठी जेवायचं की पेठेत?

कृष्णाकाठची_वांगी
आम्ही सांगलीकर. दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात येतोय, मुक्काम नारायण पेठेत, ओंकारेश्वराच्या जवळ. सोबत गुडघेदुखीच्या सासूबाई (शाकाहारी), दोन कार्टी आणि मटणाशिवाय सुट्टी न मानणारे अहो. नदीच्या एवढ्या जवळ राहतोय, तर एखादं रात्रीचं जेवण तरी काठावर बसून व्हावं. डीपी रोड आणि खडकवासला ही दोन नावं कानावर आलीत. कुठे जावं?

मुठाकाठचा
कुठेच नाही. काठावर बसून जेवण्याची हौस कृष्णेवर भागवा. मुठेचं पाणी खडकवासल्याला अडतं आणि तिथून जलवाहिनीने, कालव्याने शहराला नि शेतीला जातं. पाऊस सरला की पात्रात वाहतं ते बरंचसं आमच्याच घरांतलं सांडपाणी. संध्याकाळी घाटावर पाच मिनिटं उभ्या राहा, भूक राहिली तर सांगा.

तुमच्या मुक्कामाची जागा मात्र लॉटरी आहे. केसरीवाड्याजवळ प्रभाचा बटाटावडा, मुंजाबाच्या बोळात बेडेकरांची मिसळ, दोन्ही चालत. मिसळीचा रस्सा गोडसर, सोबत पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस येतात. सांगलीच्या जिभेची आधीच समजूत घालून ठेवा. रात्री टिळक रोडला बादशाहीची साधी थाळी. पोळी, भाजी, आमटी, कोशिंबीर, ताक. पंचपक्वान्नं नाहीत, पण दुपारी पोटभर जेवूनही रात्री पुन्हा जावंसं वाटेल असं जेवण. थोडा थाट हवा तर दुर्वांकुर.

चाकावरची_खुर्ची
साफ असहमत. सासूबाईंचे गुडघे दुखतात ही ओळ वाचलीत ना? तुमच्या लाडक्या पेठेतल्या एका जुन्या हॉटेलात (नाव घेत नाही) वडिलांना घेऊन गेले होते. दारात ही गर्दी. गल्ल्यावरच्या गृहस्थांना विचारलं, यांना बसायला खुर्ची मिळेल का? वर न बघता उत्तर आलं, "इथे लोक जेवायला येतात, बसायला नाही." तुम्हाला याचं कौतुक वाटत असेल, बाहेरून आलेल्या माणसाला वाटत नाही. आत गेल्यावर शेजारी अनोळखी माणूस, समोर अनोळखी माणूस, आणि शेवटचा घास तोंडात असताना पाठीशी पुढचा उभा.

म्हात्रे पूल ते राजाराम पूल या डीपी रोडवर मोकळी हवा आहे, टेबलावर निवांत बसता येतं, पोरांना पळायला जागा आहे. पनीर सगळीकडे एकाच चवीचं, मान्य. पण सुट्टीवर आलेल्या घराला एकत्र बसून तासभर गप्पा मारायच्या असतात, चवीची परीक्षा द्यायची नसते.

निळी_रेषा
डीपी रोडला जाताना आधी खात्री करा की ठरवलेलं हॉटेल अजून जागेवर आहे. पूररेषेतल्या तिथल्या बऱ्याच बांधकामांवर २०२४ मध्ये महापालिकेने हातोडा चालवला. त्याच वर्षी २५ जुलैला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडची एकतानगरी बुडाली, आणि डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत अंडाभुर्जीची गाडी हलवताना शॉक लागून तिघं गेले. दिवाळीत पूर येत नाही हे मलाही कळतं. पण नदीच्या जागेत मांडलेल्या टेबलाला मी मोकळी हवा म्हणणार नाही.

चाकावरची_खुर्ची
त्या तिघांचं वाईट वाटतंच. पण ती गाडी पोटासाठी तिथे उभी होती, तिचा दाखला सासूबाईंच्या जेवणाला कशाला? हॉटेल पूररेषेबाहेरचं निवडा, विषय मिटला.

सिंहगडी
खडकवासल्याचं कुणीच बोललं नाही. चौपाटीवर पाणी खरं आहे, स्वच्छ वारा आहे, गरम कांदाभजी आणि भाजलेलं कणीस आहे. मात्र ते जेवण नव्हे. आणि रविवारी संध्याकाळी गेलात तर परतीच्या रांगेत पोरं गाडीतच झोपतील. मधल्या वारी चारच्या सुमारास जा, भजी खा, अंधारायच्या आत परत. सिंहगडावरचं पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही याहून सरस, पण गाडी वाहनतळापर्यंतच जाते, पुढे पायऱ्या. सासूबाईंना जमणार नाही.

कृष्णाकाठची_वांगी
आणि अहोंचं काय? सगळे शाकाहारीच सांगताहेत!

मुठाकाठचा
सदाशिव पेठेत आवारे मराठा खानावळ. अहोंना एकट्यालाच पाठवा, ते तिथे गप्पा मारायच्या मनःस्थितीत नसतील.

खुर्चीताई, बसण्याचा मुद्दा मान्य. म्हणूनच वेळ साधायची. बादशाहीत रात्री दार उघडताच गेलं की गर्दी टळते. पण सासूबाईंनी आयुष्यभर घरात रांधलं, आता पुण्यात येऊन त्यांनी पनीर बटर मसाला खायचा? माझा विरोध तेवढ्यालाच आहे.

चाकावरची_खुर्ची
आयुष्यभर पोळी-भाजी केलेल्या बाईला सुट्टीत पुन्हा पोळी-भाजीच खायला न्यायचं, हा युक्तिवाद एकदा सासूबाईंसमोर करून बघा. कदाचित त्यांना पनीरच हवं असेल. कुणी विचारलंय त्यांना?

कृष्णाकाठची_वांगी
विचारलं. म्हणाल्या, डोसा.

निळी_रेषा
वैशाली! फर्ग्युसन रस्ता. अर्थात रांग तिथेही आहेच.

सिंहगडी
एक राहिलं. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज पेठेतली बरीच जुनी हॉटेलं बंद असतात. फोन केल्याशिवाय निघू नका.

मुठाकाठचा
ते खरं. बंद असलं तर गुडलक गाठा, अहोंना खिमा, बाकीच्यांना बनमस्का आणि चहा. भिडे पूल चालू असेल तर त्यावरूनच डेक्कनला या. जाताना नदीही दिसेल, तेवढी पुरे.