मदत हवी आहे: उजवा इंडिकेटर भराभर मारतोय, बल्ब मात्र सगळे लागतात

नमस्कार मंडळी,

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, बारा महिने उघड्यावर उभी. पावसाळा लागल्यापासून उजवा इंडिकेटर दिला की टिकटिक दुप्पट वेगाने होते. डावा एकदम व्यवस्थित. बल्ब गेला की असं होतं, म्हणून आधी तेच पाहिलं. पुढचा, फेंडरवरचा छोटा, मागचा, तिन्ही लागतात. फक्त मागचा मंद आहे. डावी-उजवीकडचे मागचे बल्ब अदलाबदल केले (दोन्ही २१ वॅटचे), तरी मंद उजवाच. हॅझर्ड लावलं तरी तेच.

आता खरी गंमत. अंधारात फक्त उजवा इंडिकेटर दिला, तर त्याच दिव्यातला लाल भागही त्याच तालात बारीक पेटतो-विझतो. ब्रेकवर पाय ठेवला की मागचा इंडिकेटर जवळजवळ मरतोच!

गॅरेजवाला म्हणतो फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा रिले) बदला, नाहीतर अख्खा कॉम्बिनेशन स्विच (स्टीअरिंगजवळच्या दांडीचा). पण फ्लॅशर खराब असता तर डावा नीट कसा चालला असता? आणि हॅझर्डचा करंट दांडीच्या स्विचमधून जातच नाही ना? मला अर्थिंगचा (दिव्याची वायर गाडीच्या पत्र्याला जोडते त्या जोडणीचा) संशय आहे. पैसे घालण्याआधी खात्री कशी करू?

प्रतिसाद १
संशय बरोबर आहे, स्विचला हात लावू नका. मागच्या दिव्यातल्या सगळ्या बल्बना बहुतेक एकच अर्थ असते. ती गंजली की इंडिकेटरचा करंट ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटा शिरून दुसऱ्या बाजूच्या दिव्यातून अर्थ गाठतो, म्हणून लाल भाग लुकलुकतो. त्या बाजूचा एकूण करंट कमी पडला की फ्लॅशरला वाटतं बल्ब गेला.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक होल्डरच्या अर्थ वायरवर (बहुधा काळी), दुसरं डिकीतल्या रंग नसलेल्या बोल्टवर. इंडिकेटरवर मोजू नका, आकडा नाचत राहतो. पार्किंग लाइट लावून कुणालातरी ब्रेक दाबायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक.

प्रतिसाद २
होल्डरची पितळी पट्टीही बघा राव. आमच्याकडे कोकणात खाऱ्या हवेने तीच आधी हिरवी पडते. आणि कुणी एलईडी टाका म्हणालं तर ऐकू नका, साध्या फ्लॅशरवर टिकटिक अजून वाढेल.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. ३.१ व्होल्ट आले! काळी वायर डिकीच्या आतल्या कव्हरमागे एका बोल्टला जाते, लगवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवी-पांढरी पूड जमली आहे. बोल्ट हलत नाही, डब्ल्यूडी-४० मारून ठेवलंय. जोर केला तर तुटेल असं वाटतं. तो तसाच सोडून, शेजारी पत्रा पॉलिश पेपरने घासून नवीन लग बसवली तर चालेल का? वायर किती जाडीची घेऊ?