सिल्व्हरस्टोनला चार रात्री : तंबू, कॅम्परव्हॅन की लांबचं हॉटेल?

स्लाऊकर
३ ते ५ जुलै २०२६, इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनची फॉर्म्युला वन शर्यत. तिकिटं झाली, राहण्याचं अडलंय. आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि पुण्याहून येणारे सासरे (वय ६६, चालायला ठणठणीत, पण रात्री दोनदा उठतात). गुरुवारी पोचून सोमवारी सकाळी निघायचं आहे. नॉर्थॅम्प्टन, मिल्टन कीन्सची हॉटेलं तीन रात्रींच्या खाली खोली देत नाहीत आणि भाव विचारायची सोय नाही. तंबूत आमच्यापैकी कुणीच कधी झोपलेलं नाही. जेवण शाकाहारी, त्यामुळे राइस कुकर बरोबर येणारच. जाणकारांनी सांगावं.

पाचवा_गिअर
हॉटेलचं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. मिल्टन कीन्सहून सर्किट साधारण २५ किमी, एरवी अर्ध्या तासाचा रस्ता. पण २०२४ साली शर्यतीच्या चार दिवसांत मिळून ४ लाख ८० हजार माणूस आलं होतं, आणि सिल्व्हरस्टोनला रेल्वे स्टेशन नाही. सगळा भार ए४३ हा मोठा रस्ता आणि आजूबाजूच्या गावरस्त्यांवर. रविवारी संध्याकाळी नुसतं पार्किंगमधून बाहेर पडायला दोन तास धरून चाला. हॉटेल घ्यायचंच असेल तर गाडी पार्क अँड राइडच्या तळावर ठेवून तिथून सर्किटला बसने जा, ती बस आधी बुक करा.

माझं मत कॅम्पिंगला. बुक करताना किमतीच्या आधी दोन गोष्टी विचारा.

एक, फाटकापर्यंत पायी किती? ट्रॅकच ५.८९१ किमीचा, त्याच्या बाहेरची वाट त्याहून लांब. कॅम्प ते फाटक दोन किमी आणि फाटक ते तुमचा स्टँड आणखी दोन, म्हणजे रोज जाऊन-येऊन आठ किमी. स्टँड स्टो या वळणावर आणि कॅम्प दुसऱ्या टोकाला असेल तर 'सर्किटला लागून' या जाहिरातीला अर्थ नाही.

दोन, जमीन कसली? आजूबाजूची बरीचशी ठिकाणं म्हणजे शेतकऱ्यांची कुरणं. इंग्लंडमध्ये वर्षातले २८ दिवस शेत वेगळ्या परवानगीशिवाय असं वापरता येतं. जुलै २०२३ पासून आणखी एक सवलत आहे : ६० दिवस, जास्तीत जास्त ५० पिचेस (तंबू किंवा गाडी लावायच्या जागा), फक्त तंबू आणि मोटरहोम. मागे ओढायची कॅरॅव्हॅन त्यात बसत नाही, भाड्याने घेणार असाल तर लक्षात ठेवा. अशा शेतात निचऱ्याची सोय नसते. इथली चिकणमाती पाणी धरून ठेवते. २००० साली शर्यत एप्रिलमध्ये, ईस्टरला ठेवली होती. चिखलामुळे शनिवारी कार पार्क बंद करावे लागले. २०१२ ला तर जुलैतच पुन्हा तेच झालं, पार्किंगचं तिकीट काढलेल्यांना शनिवारी येऊ नका म्हणून सांगायची वेळ आली. तेव्हा विचारा : चाकांखाली तात्पुरत्या पट्ट्या अंथरतात का, ओढायला ट्रॅक्टर असतो का?

कॅम्परव्हॅन घेतलीत तर उताराच्या तळाशी लावू नका आणि तोंड बाहेरच्या दिशेला ठेवा. साडेतीन टनांची व्हॅन ओल्या गवतावर फसते ती ॲक्सिलरेटर दाबल्यामुळे. दुसऱ्या गिअरमध्ये, क्लचवर हळूच काढायची. चाक फिरायला लागलं की लगेच थांबा, जे चाक गाडी ओढतं त्याच्याखाली फळी सारा. बहुतेक व्हॅनमध्ये ती पुढची चाकं.

खुंटी
वर सगळं बरोबर. तंबूबद्दल माझी भर.

पहिल्यांदाच असेल तर स्वतःचा तंबू नको, आधीच उभा करून दिलेला बेल टेंट (मधोमध खांब असलेला गोल तंबू) घ्या. ५ मीटर व्यासाचा म्हणजे जवळपास २० चौरस मीटर जागा, मधोमध ३ मीटर उंची. सासरेबुवांना फक्त दारात वाकावं लागेल. बुकिंगच्या आधी विचारा, खाट आहे की जमिनीवर गादी? पांघरूण धरून की वेगळं? चार्जिंग कुठे? जागा शौचालयापासून ५०-६० मीटरवर मागा. वीस मीटरवर घेतलीत तर रात्रभर दार आपटणार, दिवा डोळ्यांवर, वास वेगळाच.

स्वतःचाच न्यायचा हट्ट असेल तर चौघांसाठी सहाचा. 'चार माणसांचा' म्हणजे चार चटया कडेला कडा लावून, सामान बाहेर. कापडाचा हायड्रोस्टॅटिक हेड (पाणी अडवण्याचं माप) ३००० मिमी तरी हवा. खालची चादर तंबूच्या कडेबाहेर डोकावली की पाऊस तीवरून थेट तुमच्या पाठीखाली येतो. चारी बाजूंनी आत दुमडा. सुकलेल्या चिकणमातीत तारेच्या खुंट्या वाकतात, जाड रॉक पेग आणि रबरी हातोडा लागतो. खुंटीचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं असू द्या.

आणि एअरबेड नको! जुलैतही रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरतो आणि एअरबेडमधली हवा जमिनीइतकीच गार होते. आर-व्हॅल्यू (गारवा अडवण्याचं माप) ३ च्या वरची मॅट घ्या. पहाटे पाचच्या आधीच सूर्य उगवतो, मुलीसाठी डोळ्यांवरची पट्टी घ्या.

मेतकूट
राइस कुकरचं गणित. हुकअप (कॅम्पवरची वीजजोडणी) १० ॲम्पिअरचा असेल तर २३० गुणिले १०, म्हणजे २३०० वॅट. घरची ३००० वॅटची किटली लावलीत की ट्रिप. ७०० वॅटचा कुकर आणि फ्रिज एकत्र आरामात चालतात, त्यात ८००-१००० वॅटची प्रवासी किटलीही जेमतेम बसते. ६ ॲम्पिअर असेल तर १३८० वॅट. एका वेळी एकच वस्तू. केबलचं रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेलं तापतं. बेल टेंटला वीज असेलच असं समजू नका.

वीज नसेल तर गॅस. स्क्रूवाला ४५० ग्रॅमचा कॅन मोठ्या आचेवर दोन-सव्वादोन तास जातो. चहा, उपमा, संध्याकाळची खिचडी, असा दिवसाला तासभर धरला तर चार दिवसांना दोन कॅन. कॅन इथेच विकत घ्या. विमानात चालत नाहीत, वापरलेला स्टोव्हही बऱ्याचदा अडवतात. तांदूळ अर्धा तास भिजवा, पाच-सात मिनिटं उकळा, झाकण लावून टॉवेलात गुंडाळून वीस मिनिटं दमावर ठेवा. गॅस निम्मा वाचतो.

पाऊस आला म्हणून स्टोव्ह तंबूत घेऊ नका, आणि विझत आलेला बार्बेक्यू ऊब म्हणून तर मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसं झोपेतच जातात.

स्लाऊकर
सगळ्यांचे आभार! बेल टेंटच बघतो. गुरुवारी किती वाजता पोचावं?

पाचवा_गिअर
चेक-इन उघडतं त्याच वेळेला. बेल टेंटची जागा ठरलेली असते, पण गाडी लावायची जागा ठरलेली नसते. उशिरा येणाऱ्याला उताराखालची ओली बाजू मिळते. सॅटनॅव्हमध्ये (गाडीतला रस्ता दाखवणारा नकाशा) सर्किटचा पोस्टकोड घालू नका, कॅम्पचा घाला. शेवटच्या पाच किमीत सॅटनॅव्ह बंद करून पिवळे तात्पुरते बोर्ड पाळा, रस्ते एकेरी केलेले असतात. आणि फॅमिली फील्ड (कुटुंबांसाठी वेगळं मैदान) आहे का ते विचारा, नाहीतर शनिवारी रात्री शेजारचे स्पीकर तुमच्या उशाला.