सिलोली वाळवंट, बोलिव्हिया: पुण्याहून जाताना मार्ग कसा ठेवावा?

कर्वेनगरकर
दिवाळीच्या सुट्टीला जोडून आम्ही तिघं जाणार आहोत: मी, बायको आणि ५७ वर्षांची थोरली बहीण. बोलिव्हियाच्या नैऋत्य टोकाचं सिलोली वाळवंट आणि तिथलं वाऱ्याने झिजलेलं दगडी झाड, आर्बोल दे पिएद्रा, बघायचं आहे. चिलीतल्या सान पेद्रोहून चढावं की बोलिव्हियातल्या उयुनी गावाकडून यावं? सान पेद्रोहून दिवस वाचतील असं वाटतंय. तिघंही शाकाहारी. लडाखलाही कोणी गेलेलं नाही.

रानवारा
सान पेद्रोहून चढू नका. सान पेद्रो २४०० मीटरवर आहे आणि त्या बाजूच्या जीपा पहिल्याच रात्री लागुना कोलोरादा या सरोवराजवळ, म्हणजे सुमारे ४३०० मीटरवर मुक्कामाला नेतात. त्याआधी दिवसा गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारी गरम वाफ, बघायला ४८०० च्या वर. ३००० मीटरनंतर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा नियम आहे, आणि इथे एका दिवसात १९०० ची उडी बसते. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्यालाही हे झेपेलच असं नाही. दमसास कितीही असो, विरळ हवेला शरीर दिवस दिल्यावरच रुळतं.

सांता क्रूझला उतरा, ते शहर सखल आहे. ला पाझचं विमान टाळा, तिथला विमानतळच ४००० मीटरच्या वर आहे. सांता क्रूझहून सुक्रे (२८०० मीटर), तिथे तीन रात्री. मग रस्त्याने उयुनी (३६५० मीटर), तिथे दोन. वाटेत पोतोसी लागतं, पण ते ४००० मीटरवर असल्याने मुक्काम नको. उयुनीहून तीन दिवसांची जीप घ्या: पहिली रात्र उयुनीजवळच्या मिठागराच्या काठी ३७०० च्या आसपास, दुसरी लागुना कोलोरादाला. सिलोली दुसऱ्या दिवशी दुपारी येतं.

आता महत्त्वाचं. चिलीचा व्हिसा सान पेद्रोला फिरायचं नसलं तरी काढून ठेवा. लागुना कोलोरादाला कोणाची तब्येत बिघडली तर लवकर खाली उतरायची वाट तीच: चिलीच्या सीमेवरच्या इतो काहोन नाक्यानंतर पन्नासएक किलोमीटरांच्या आत डांबरी रस्ता २००० मीटर उतरतो. उयुनीकडे परत फिरलात तर खडबडीत रस्त्यावर अख्खा दिवस जातो आणि उंची फारशी कमीही होत नाही. सीमा रात्री बंद असते, त्यामुळे संध्याकाळी डोकेदुखीबरोबर उलट्या सुरू झाल्या तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका, ड्रायव्हरला तेव्हाच सांगा. बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला, किंवा टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालता न येणं, यातलं काहीही दिसलं की पुढचा कार्यक्रम रद्द आणि खाली. जीप ठरवतानाच ऑक्सिजन सिलिंडर आणि दोन स्टेपन्या डोळ्यांनी बघून घ्या.

दगडधोंडे
झाडाबद्दल थोडं. उंची पाचेक मीटर, दगड ज्वालामुखीचा. कोरायचं काम वाऱ्यातली वाळू करते. कण उड्या मारत पुढे जातात आणि बहुतेक सगळे जमिनीपासून मीटरभराच्या आतच राहतात. म्हणून बुंधा झिजून बारीक झाला आणि माथा तसाच राहिला. दुपारी बुंध्यापाशी उभं राहिलं की हे कळतं: वाळू पोटऱ्यांना टोचते, चेहऱ्यापर्यंत फार कमी येते. वर चढायला मनाई आहे, आणि असलीच पाहिजे. इतक्या बारीक देठावर तोललेल्या दगडाला हातही लावू नये.

याच कारणासाठी कॅमेरा जमिनीला टेकवून फोटो काढू नका आणि उघड्यावर लेन्स बदलू नका. झूमच्या नळीत कण गेला की ती करकरते. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, जादाची आतल्या खिशात आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा. मुक्कामी वीज काही तासच असते. दिवाळीतही रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो.

पेठेतली खवय्यी
‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ (मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत) एवढं स्पॅनिश पाठ करा, आणि किन्वाचं सूप मांसाच्या पाण्यात केलंय का हे वेगळं विचारा. ४३०० मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे तयार उपमा-पोह्यांची पाकिटं पाच मिनिटांत होत नाहीत; थर्मासमध्ये पंधरा मिनिटं झाकून ठेवा. चिवड्याची पाकिटं फुग्यासारखी टम्म होतात, पुण्यातच थोडी हवा काढून पुन्हा सील करा. बिया, मध, ताजी फळं चिलीच्या सीमेवर काढून घेतात. जे उरलं असेल ते फॉर्मवर लिहा, लपवलं तर दंड होतो.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. बोलिव्हियाहून परतताना दाखला नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात.

कर्वेनगरकर
मनापासून आभार. सुक्रेमार्गेच जाऊ. ताईला रक्तदाबाची गोळी चालू आहे, उंचीचा त्रास टाळायची डायमॉक्सची गोळी चालेल का?

रानवारा
रक्तदाबाच्या गोळीचं नाव बघा. लघवी वाढवणारी असेल तर डायमॉक्ससोबत पोटॅशियम उतरू शकतं. सल्फाची अॅलर्जी असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा. एरवी १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात, पण ताईंचा डोस त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. एखादा दिवस पुण्यातच घेऊन बघा; बोटांना मुंग्या येतात, ते तिथे पहिल्यांदा झालं तर माणूस घाबरतो. रक्तदाबाची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.